पाठीवरचा बंद

भुई हालायला लागली ती दिवाळीनंतर, आणि आमची लाडकी बोलायला लागली तीही तेव्हाच. पोर उशिराच बोलली. तिच्या तोंडून पहिला शब्द 'आई' नाय आला, 'बाबा' नाय आला, 'हालली' आला. पाड्यातल्या बाया हसल्या, मीपण हसले. दोन वर्षांची पोर गुडघे वाकवून, हात पसरून म्हातारीसारखी उभी राहायची नि सांगायची, "आजी, हालली." आणि खरंच हाललेली असायची.

माझं नाव बायजी. घरात मी, मुलगा धनेश, सून भारती आणि ही नात. धनेश उंबरगावला कंपनीत, जीपला लोंबकळत जायचा नि लोंबकळत यायचा. भारती समुद्राकडच्या चिकूच्या वाडीत कामाला. मी घरी. माझ्याकडं हातानं फिरवायचं शिलाई मशीन हाय, चारोटीच्या बाजारात जुनं घेतलेलं. बायांचे झंपर, पोरांची झबली, शाळेच्या फाटक्या चड्ड्या, पाड्यातलं सगळं शिवण माझ्याकडं. जीभ तिखट हाय माझी, पण टाका सरळ हाय, म्हणून बाया ऐकून घेतात.

आमचं घर विटांचं. योजनेतून झालं तेव्हा धनेश छाती पुढं काढून फिरायचा. शेजारी सुक्याचं घर कुडाचं, कारवीच्या काठ्या नि शेणमाती. भुई हालली की सुक्याचं घर नुसतं डुलायचं नि परत जागेवर यायचं. आमचं फाटायचं. चुलीमागच्या भिंतीची भेग आधी केसाएवढी होती, मग तिच्यात माझं नख जायला लागलं, मग बोट.

सुक्या म्हणायचा, "बायजी, तुझ्या घराला मागं खिडकी नव्हती ना? आता मिळाली बघ."

"तुझ्या तोंडाला बसव ती खिडकी, म्हणजे बंद तरी करता येईल," मी म्हणायचे.

पण असं बोलणं दिवसाउजेडी. रात्री मी उठून त्या भेगेत बोट घालून चाचपायचे, वाढली का म्हणून.

थंडीत एकदा मोठा धक्का बसला. सकाळची वेळ. भारती वाडीवर जायला निघालेली, डोक्याला फडकं बांधत होती. लाडकी झोळीत. आधी लांब कुठं सुरुंग उडवल्यासारखा धाड आवाज आला, मग मांडणीवरची भांडी कडकड वाजली, मग पायाखालून कुणी फळी ओढावी तसं झालं. वरून कौल सुटलं नि झोळीच्या पलीकडं फुटलं. भारतीनं झोळीत हात घातला, हाताला आलं ते मनगट. तेच धरलं नि पोरीला तशीच ओढत अंगणात आणली.

भुई थांबली. लाडकी थांबेना. रडणं निराळंच होतं, आणि हात नुसता लोंबत होता. धनेशनं तिला उचलून दवाखान्यात नेलं, मागून आम्ही दोघी. डॉक्टरनं हात धरून जरा फिरवला, कोपर जागेवर बसलं.

"लहान पोराला मनगटाला धरून ओढू नका," तो म्हणाला. "सांधे कच्चे असतात."

"मग धरू कुठं?" भारती म्हणाली.

डॉक्टर दुसऱ्या पेशंटकडं वळला. त्याचंही बरोबर होतं, रांग मोठी होती. पण तो प्रश्न भारतीनं घरापर्यंत आणला. जीपमध्ये विचारलं, चुलीपाशी विचारलं. "आई, सांग ना. झोपेतनं उठायचं, अंधारात पोर चाचपायची, पळायचं. हात धरायचा नाय तर धरू कुठं? केस धरू?"

तोपर्यंत सगळा पाडा बाहेर झोपायला लागला होता. माळावरच्या खळ्यावर पेंढा पसरून वर प्लास्टिक ताणलेलं. नंतर सरकारी तंबू आले, शाळेत भुईचे धक्के मोजायचं मशीन बसलं, साहेब लोक भिंतींचे फोटो काढून गेले. बाहेर भिंत पडायची भीती नव्हती, पण थंडी होती. पहाटे दवानं प्लास्टिक आतून गळायचं. लाडकीची छाती घरघरायला लागली. आत भिंत खायला उठलेली, बाहेर गारठा. मी तिच्या छातीवर हात ठेवून पडायचे नि श्वास ऐकत राहायचे.

मग मी तिच्यासाठी बंडी शिवायला घेतली. आमच्यात तान्ह्या पोराला नवं कापड लावत नाय, जिचं आयुष्य लांब गेलं तिचं मऊ लुगडं लागतं. लाडकीचं पहिलं झबलं माझ्या सासूच्या लुगड्याचं होतं, त्यातला तुकडा मी जपून ठेवलेला. तो आतून लावला. वरून धनेशनं कंपनीतनं आणलेलं कातरण, लाल, निळं, फुलाफुलांचं, जोडून जोडून. मध्ये सावरीचा कापूस. मशीन मी अंगणात आणून ठेवलं होतं, आत बसून शिवायची माझी छाती नव्हती.

भारती समोर बसली होती. बंडी बघता बघता तिनं तिची बाजाराची पिशवी ओढली, पिशवीचा बंद मुठीत धरला नि वर उचलला.

"आई," ती म्हणाली, "असा बंद लाव. पाठीवर."

मी हसणार होते. तिचं तोंड बघितलं नि हसले नाय.

वाडीवर किनाऱ्यावरच्या वरोरहून एक मच्छीवाली यायची. भारतीनं तिच्याकडनं जाळी विणायचा नायलॉनचा दोरा आणला. मी जाड कापडाची चौपदरी पट्टी केली, तिची दोन टोकं बंडीच्या खांद्यापासून कमरेपर्यंत नेऊन त्या दोऱ्यानं घट्ट शिवली. मूठ सहज आत जाईल एवढी फट मध्ये ठेवली. मग बंडी खुंटीला अडकवून मी स्वतः तिला लोंबकळले. टाका जरासुद्धा सुटला नाय. मला एवढं बरं वाटलं, काय सांगू! कितीतरी दिवसांनी माझ्या हातनं काही धड झालं होतं.

सुक्या आला तेव्हा भारती लाडकीला बंदाला धरून उचलून बघत होती.

"अगं, पोरीची पिशवी केलीत की तुम्ही," तो म्हणाला. "आता बाजाराला न्या नि भाजी भरून आणा."

"तुझ्या नातवाला नको ना?" मी म्हटलं. "मग हो पुढं."

संध्याकाळी त्याचीच सून शुक्री आली, पोर काखेत नि जुना स्वेटर हातात. "काकी, याला लावून दे. सासऱ्यांना सांगू नको." दुसऱ्या दिवशी आणखी दोघी आल्या. मग कविता आली, तिची तर जुळी. मग रांगच लागली. मी सकाळपासून उन्हं उतरेपर्यंत बंदच शिवायला लागले. बोटांना भोकं पडली, मान आखडली. पण कुणाला नाय म्हटलं नाय. प्रत्येकीला तोच दोरा, तोच चौपदरी पट्टा. थोड्या दिवसांनी बघावं तर पाड्यातलं एकूण एक लहान पोर पाठीवर बंद घेऊन फिरतंय. रांगतं पोरसुद्धा. भुई हालली की बाया बंदात हात घालायच्या नि पोरं उचलून माळावर धावायच्या. कुणाचा हात निखळला नाय त्यानंतर. सुक्या मला म्हणाला, "बायजी, तुझ्यामुळं पोरं हातात राहिली." तो असं सरळ कधी बोलत नाय.

आता एकच अडचण राहिली. लाडकी घरात पाऊल टाकेना. कौल फुटलेलं तिनं बघितलं होतं. मी भाकरी टाकायला आत गेले की ही दाराबाहेर उभी राहून असा टाहो फोडायची की मला पीठ हातातच घेऊन बाहेर यावं लागायचं. भारती दिवसभर वाडीवर, धनेश कंपनीत. चूल आत, पोर बाहेर, आणि मी मध्ये. किती दिवस चालणार?

म्हणून मी तिला कोंबडी शिवून दिली. कातरणाचीच. लाल तुरा, बटणाचे डोळे, पोटात सावरीचा कापूस. मी म्हटलं, "ही कोंबडी घरात राहते. चल, तिला कणी टाकू." पहिल्या दिवशी उंबऱ्यापर्यंत आली. दुसऱ्या दिवशी आत. मग तिनंच ठरवलं, खऱ्या कोंबड्या डालग्याखाली झाकतात तशी आपलीपण झाकायची. तिला एक फुटकं डालगं दिलं. संध्याकाळी बाहेर झोपायला निघालो की ती कोंबडी कोपऱ्यात ठेवायची, वर डालगं पालथं घालायची, नि मगच यायची. बाहेर आणू द्यायची नाय. कोंबडी घरातच झोपते, असं मीच शिकवलं होतं ना.

माघ चालू होता. तो दिवस शांत गेला. सबंध दिवसात एकदाही भांडं वाजलं नाय. अशा दिवशी मला जास्त भीती वाटायची. भारती लवकर आली होती, विहिरीवर पाण्याला गेली होती. मी चुलीपाशी, लाडकी कोपऱ्यात कोंबडीला झोपवत होती.

धाड.

मी पिठाचा हात तसाच तिच्या बंदात घातला नि उचलून बाहेर धावले. अंगण ओलांडून माळाच्या कडेला आले, तिला खाली ठेवलं. भुई अजून गुरगुरत होती. मी वळून घराकडं बघितलं, चुलीत जाळ होता, तो पेंढ्याला लागेल का म्हणून. तेवढाच वेळ. लाडकी म्हणाली, "कोंबडी," नि माझ्या बाजूनं निसटून घराकडं पळाली.

"लाडके!" मी ओरडले. ती आत गेली.

आणि दुसरा धक्का आला. पहिल्यापेक्षा मोठा.

खोटं कशाला सांगू, मी तिथंच बसले. दारातून मला ती दिसत होती. ती पाठमोरी बाहेर येत होती, डालगं दोन्ही हातांनी ओढत, कोंबडीसकट. आमच्या दाराच्या चौकटीला साखळी अडकवायचा जाड लोखंडी आकडा हाय, वरचं लाकूड चिरलेलं म्हणून धनेशनं तो खाली ठोकलेला. भुईनं पोरीला गरकन फिरवून चौकटीवर आपटलं नि खाली बसवलं. बसली ती अर्धीच. बंद आकड्यात अडकला होता. तिचे पाय जमिनीला नीट टेकेनात. ती पुढं ओढायला लागली, हात पसरून, माझ्याकडं.

मी रांगत निघाले. खरंच रांगत, उभंच राहता येईना. भारती विहिरीकडून आली, हंडा कुठं टाकला देव जाणे. ती माझ्या अंगावरून गेली नि पोरीला काखेत धरून ओढायला लागली. जोर लावून, पाय चौकटीला लावून. जितकी ओढेल तितका बंद आकड्यात घट्ट बसत होता. भिंतीची भेग आमच्या डोळ्यांदेखत उघडत होती, आतून विटांचा लाल भुसा गळत होता.

"ओढू नको!" मी ओरडत होते. "वर उचल! भारते, वर!"

तिला ऐकू येत नव्हतं. ती स्वतः ओरडत होती. वरून कौल आलं नि तिच्या खांद्यावर फुटलं, तरी तिनं हात सोडले नाय. मी पोचले, पोरीच्या ढुंगणाखाली दोन्ही हात घातले नि सगळा जीव लावून वर ढकललं. बंद सुटला. आम्ही तिघी एकमेकींवर अंगणात पडलो. मागं काहीतरी मोठं कोसळलं. धूळ आली, घर दिसेना. धूळ बसली तेव्हा बघितलं, चुलीमागची भिंत बाहेरच्या बाजूला गेली होती. दार उभं होतं.

बंदाचा एक टाका सुटला नव्हता. मी तो बोटांनी ताणून बघितला. पाड्यातल्या प्रत्येक पोराच्या पाठीवर माझा बंद होता. प्रत्येक घराला आकडे होते, खुंट्या होत्या, कुडाच्या काठ्यांची टोकं होती. कुंपणाला तारा होत्या. मला तर सगळीकडं पोरं टांगलेली दिसायला लागली.

भारतीच्या खांद्याला फडकं बांधलं नि मी कात्री घेऊन निघाले. पहिल्यांदा शुक्रीकडं गेले. ती माळावर पोराला पोटाशी धरून बसली होती, मूठ बंदात.

"शुक्री, पोर इकडं दे. बंद कापायचाय."

"का?"

मी सांगितलं. आकडा, भिंत, सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, पोराला आणखी जवळ ओढलं.

"नाय काकी."

"अगं, अडकून मरेल पोर!"

"आणि अंधारात हातातून सुटलं तर? मग धरू कुठं?"

कवितानं तर जुळी पोरं पाठीमागं लपवली, मी चोर असल्यासारखी. एकीनं कात्रीच हिसकावून घेतली. "आधी लाव म्हणालीस, आता काप म्हणतेस. पोरं काय तुझी चिंधी हायत?" मी तिथंच पेंढ्यावर बसून रडले.

सुक्या आला. मला रडताना त्यानं नवरा गेला तेव्हा बघितलं होतं, त्यानंतर आज.

"बाया बंद सोडणार नाय," तो म्हणाला. "मीपण नाय सोडायला देणार. आकडे काढू."

"कुठले कुठले काढशील?"

"सगळे."

त्यानं पहार आणली. पहिल्यांदा आमच्याच चौकटीचा आकडा उपटला. तेवढ्यात धनेश कंपनीतून आला. त्यानं पडलेली भिंत बघितली, भारतीचा खांदा बघितला, पोरीला उचलून घेतलं नि तिच्या पाठीवर तोंड टेकवलं. मग तिला माझ्याकडं दिलं नि दारच बिजागरीतून काढायला लागला.

"दार कशाला काढतोस?" मी म्हटलं.

"आकडाच नाय तर दार काय करायचंय? उद्या चौकट तिरकी झाली तर तेच अडकेल."

"चोर येईल."

"आत जायची आपली छाती होईना, चोराची कुठून होणार?" सुक्या म्हणाला.

उजेड होता तोपर्यंत घराघरांत तेच चाललं. पुरुष पहारी घेऊन फिरत होते. आकडे निघाले, खुंट्या निघाल्या, बायांनी कुंपणाच्या तारा गुंडाळल्या. दारं काढून माळावर आणली नि पेंढ्यावर आडवी टाकली, पोरांना दवात झोपायला तेवढीच कोरडी जागा. उघड्या घरांकडं बघवत नव्हतं.

मी आमच्या दारावर बसले. भारती माझ्याजवळ बसली, लाडकी तिच्यापुढं, कोंबडी मांडीवर. भारतीचा दुखरा हात गळ्यात बांधलेला, बरा हात बंदात.

"सैल धर जरा," मी म्हटलं. "पोरीला काचत असेल."

"होत नाय आई," ती म्हणाली. "मी सांगते बोटांना, ती ऐकत नाय."

मी तिच्या बोटांवर हात ठेवला. थंडगार होती. मी ती पदरानं चोळायला लागले.

आणि मग धाड झालं. लांबून, पण आमच्याकडंच येत होतं.

सगळ्या बाया एकदम उठल्या. सगळे हात एकदम बंदांत गेले. भारतीनं एका हातानं लाडकीला जमिनीवरून उचललं नि माळाच्या मध्याकडं धावली. तोल जात होता तिचा. पोर तिच्या हाताला लोंबत होती, पुढं जायची, मागं यायची, पाय हवेत मारत होती. मी मागून धावत होते, आणि मला एक आवाज ऐकू आला. मला वाटलं पोरीचा श्वास कोंडला. मी जोरात धावले, पुढं जाऊन तिचं तोंड बघितलं.

ती हसत होती. खदाखदा. दिवाळीपासून आम्ही तिला असं हसताना बघितलं नव्हतं.

भारती थांबली. भुईपण थांबली. पाड्यातल्या सगळ्या बाया माळावर उभ्या, धापा टाकत, पोरं हातांत टांगलेली.

"अजून," लाडकी म्हणाली. तिनं मान वळवून आईकडं बघितलं, मग माझ्याकडं. "आजी, अजून!"

आम्ही सगळ्या खाली भुईकडं बघत उभ्या होतो.